गावाच्या जमिनीचा हिशेब राखणारा तलाठी

मालवणहून तारकर्लीमार्गे दक्षिणेकडे जाणारा रस्ता देवबागला संपतो. पुढे कर्ली नदी अरबी समुद्राला मिळते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधोमध माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे या गावाचे रूप आहे. पर्यटकाला ही पट्टी एकसंध दिसते. महसुली नकाशात मात्र ती सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांच्या शेकडो लहान तुकड्यांत विभागलेली असते. कोणता माड कोणाच्या हद्दीत, कोणत्या हिश्श्यावर किती जणांची नावे, कोणत्या जमिनीवर सोसायटीचा बोजा आणि कोणती जागा सरकारी, या साऱ्याचा हिशेब गावपातळीवर एका माणसाच्या दप्तरात असतो. हा माणूस म्हणजे तलाठी. राज्य शासनाने २०२४ मध्ये या पदाचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' असे केले असले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे आणि या लेखातही तेच वापरले आहे.

शहरात राहणाऱ्या वाचकाचा तलाठ्याशी संबंध बहुधा तीन प्रसंगी येतो. वडील वारल्यावर गावच्या जमिनीला वारसांची नावे लावायची असतात, जमीन विकायची वा घ्यायची असते, किंवा वादळात घराचे छप्पर उडाल्यावर पंचनामा करून घ्यायचा असतो. एरवी हे पद नेमके काय करते, त्याचे अधिकार कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, याची माहिती फारशी नसते. या अज्ञानाची किंमत कोकणातील अनेक कुटुंबांनी मोजली आहे.

कुलकर्ण्याकडून तलाठ्याकडे

गावचा जमाखर्च लिहिण्याचे काम देशावर शतकानुशतके वतनदार कुलकर्ण्याकडे होते. पाटील वसुली करी आणि कुलकर्णी दप्तर राखी. दोन्ही पदे वंशपरंपरेने चालत. लिहिणारा एकच आणि गावातील बहुतेकांना अक्षरओळख नाही, अशा स्थितीत दप्तर हे सत्तेचे साधन झाले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी कुलकर्ण्यांच्या लेखणीवर केलेली टीका याच वास्तवातून आली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि या नोकरीची दारे सर्व जातींना उघडली. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० साली झाला आणि १९५१ पासून अमलात आला. महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले.

कोकणची वाट थोडी वेगळी होती. येथील बऱ्याच गावांत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत उभा होता. सारावसुली त्याच्याकडे असे आणि सरकारी दप्तरातील नोंदींवरही त्याचा प्रभाव असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. त्यानंतर कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. कूळ कोण, हे ठरवताना सातबाऱ्यावरील नोंदी महत्त्वाचा पुरावा ठरल्या. तलाठ्याच्या लेखणीने किती कुटुंबांचे भवितव्य ठरले असेल, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

जमिनीच्या मोजणीचा इतिहास याहून जुना आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू केलेली मोजणी व आकारणीची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रुजली. ती मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, याची पद्धतशीर नोंद १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाली. आज हे सर्व 'महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६' या कायद्याखाली चालते. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू आहे.

उतरंडीतील स्थान

एक वा अधिक गावे मिळून तलाठ्याचा 'सजा' होतो. काही सजांचे मिळून महसूल मंडळ होते आणि त्यावर मंडळ अधिकारी असतो. त्याच्या वर तालुक्याला तहसीलदार, उपविभागाला प्रांताधिकारी आणि जिल्ह्याला जिल्हाधिकारी अशी ही रचना आहे. गावात तलाठ्याच्या मदतीला कोतवाल असतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि जिल्ह्याचे मुख्यालय ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला आले. देवबागचा खातेदार तलाठ्यानंतर मालवणच्या तहसीलदाराकडे जातो आणि पुढची दाद वरच्या अधिकाऱ्यांकडे मागतो.

तलाठी आणि ग्रामसेवक यांच्यात शहरी माणसाची नेहमी गल्लत होते. ग्रामसेवक हा ग्रामपंचायतीचा सचिव आणि जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त ही त्याची कामे होत. तलाठी हा राज्याच्या महसूल खात्याचा कर्मचारी असून जमिनीच्या नोंदी आणि महसूल त्याच्याकडे असतो. त्यामुळे घर एकाच्या दप्तरात आणि घराखालची जमीन दुसऱ्याच्या दप्तरात, अशी स्थिती कोकणात सर्रास आढळते. घरपट्टीच्या पावतीवर एका भावाचे नाव आहे म्हणून खालची जमीन त्याच्या एकट्याची ठरत नाही.

तिसरे खाते भूमि अभिलेख. जमिनीची मोजणी, हद्दी, नकाशे आणि क्षेत्र हा त्यांचा प्रांत. तालुक्याला त्यांचा उपअधीक्षक असतो. तलाठी हक्काची नोंद लिहितो, पण जमिनीचे क्षेत्र स्वतःच्या मर्जीने वाढवू वा घटवू शकत नाही. बांधावरून भांडण झाले तर हद्द दाखवण्याचे कामही मोजणीदाराचे आहे.

दप्तरात काय असते?

तलाठ्याचे दप्तर 'गाव नमुना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमांकित नोंदवह्यांचे बनलेले असते. त्यांतील काही सामान्य नागरिकाने ओळखून ठेवाव्यात.

गाव नमुना १ म्हणजे आकारबंद. गावातील प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र आणि त्यावरील आकारणी यांचा हा मूळ आधार. नमुना १-ई मध्ये सरकारी जमिनीवरील अतिक्रमणे नोंदली जातात. नमुना ६ हे फेरफार रजिस्टर. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल येथे क्रमांकासह लिहिला जातो. नमुना ६-अ मध्ये तक्रारी केसेस आणि ६-क मध्ये वारसांची नोंद होते. नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि नमुना १२ ही पिकांची नोंदवही. या दोन नमुन्यांचा एकत्रित उतारा म्हणजे सर्वपरिचित 'सातबारा'. नमुना ८-अ हा खातेउतारा होय. एका खातेदाराची गावात एकूण किती जमीन आहे, ते त्यावरून कळते.

सातबारा वाचताना लोक नाव आणि क्षेत्र पाहून थांबतात. खरे तर 'इतर हक्क' हा रकाना अधिक बोलका असतो. कुळाचे नाव, बँकेचा वा सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क, न्यायालयाचा मनाई आदेश, शासनाची हस्तांतरणावरील बंदी, हे सारे तेथे लिहिलेले असते. नावांजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून मागे मागे गेल्यास जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या आधाराने आली, हे उलगडत जाते. जमीन घेणाऱ्याने चालू सातबाऱ्यावर समाधान न मानता जुने उतारे आणि सर्व फेरफार काढून पाहावेत, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

फेरफाराची रीत

वारसाने, वाटपाने, खरेदीने वा अन्य मार्गाने जमिनीत हक्क मिळाला, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे अधिनियमाचे कलम १४९ सांगते. वर्दी मिळाल्याची लेखी पोच देणे तलाठ्यावर बंधनकारक आहे. ही पोच मागून घेणारे खातेदार थोडे. नोंदणीकृत दस्त असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयाकडूनच माहिती महसूल खात्याकडे जाते.

कलम १५० मध्ये पुढची रीत दिली आहे. तलाठी फेरफार रजिस्टरमध्ये नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण तक्रारी केसेसच्या नोंदवहीत जाते आणि त्याची सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल येतो.

यातील महत्त्वाचा मुद्दा असा की नोंद लिहिणारा तलाठी असला, तरी ती मंजूर करण्याचा अधिकार त्याला नाही. 'तलाठ्याने नाव काढून टाकले' ही तक्रार गावोगाव ऐकू येते. अशा वेळी फेरफार क्रमांक, नोटीस कोणाला बजावली त्याचा पुरावा आणि प्रमाणित करणाऱ्याची सही, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्या लागतात. नोटीस मुंबईच्या पत्त्यावर गेलीच नाही, हे कोकणातील अनेक वादांचे मूळ असते. प्रमाणित नोंदीवर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येते. केवळ लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडून दुरुस्ती होऊ शकते.

बहिणींच्या नावांबाबत तर विशेष सावध राहायला हवे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. साध्या कागदावरील संमती घेऊन नाव कमी करणे नियमात बसत नाही आणि तसे झालेले फेरफार पुढे अपिलात टिकत नाहीत.

सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा शब्द आहे काय?

नाही. अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे हे गृहीतक पुराव्याने खोडता येते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, महसूल कोणाकडून घ्यावा यासाठी ती नोंद असते, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.

व्यवहारात मात्र चित्र वेगळे दिसते. बँक कर्ज देताना सातबारा मागते, पीकविमा त्याच्यावर मिळतो आणि भूसंपादनाची नोटीसही त्यावरील नावानेच निघते. जो नोंदीत आहे त्याला शासन ओळखते. ज्याचे नाव नाही त्याला आपला हक्क सिद्ध करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि त्यात वर्षे जातात. कायद्याच्या दृष्टीने दुय्यम असलेली ही नोंद माणसाच्या आयुष्यात प्रथम स्थानी येते, ती यामुळे.

कोकणातील गुंतागुंत

देशावर एका सातबाऱ्यावर दोन-चार नावे असली तरी लोक कुरकुरतात. कोकणात वीस, तीस, क्वचित त्याहूनही अधिक नावे एका उताऱ्यावर दिसतात. आजोबा-पणजोबांच्या काळापासून वाटप झालेले नसते. वहिवाट तोंडी ठरलेली असते. हा माड अमक्याचा, ती परडी तमक्याची, हे गावात सर्वांना ठाऊक असते, पण कागदावर सारे सामाईक. अर्धी नावे दिवंगतांची आणि उरलेली मुंबईत, पुण्यात वा परदेशी असलेल्यांची. गावात राहून जमीन राखणाऱ्याला कर्ज हवे असले की या सर्वांच्या सह्या गोळा करण्याची वेळ येते. मग ते कर्जच राहून जाते. सहहिस्सेदारांचे एकमत असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप करून घेता येते. पण ते एकमत गणपतीच्या चार दिवसांत घडवून आणणे किती अवघड असते, ते प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे.

सिंधुदुर्गात याखेरीज आणखी काही गाठी आहेत. सारा थकल्यामुळे पूर्वी सरकारजमा झालेल्या 'आकारीपड' जमिनी, खाजगी वनांच्या कायद्यामुळे 'वने' अशी नोंद झालेल्या जमिनी, आणि सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ, गेळे येथील 'कबुलायतदार गावकर' जमिनी, हे जिल्ह्याच्या राजकारणात सतत गाजणारे प्रश्न आहेत. तिन्ही प्रश्नांचे मूळ सातबाऱ्याच्या एखाद्या रकान्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या जमिनीवर 'महाराष्ट्र शासन' असे नाव दिसले म्हणजे काय होते, ते या गावांना विचारावे.

लाटा पुढे येतात, नोंद जागच्या जागी

देवबागचा प्रश्न याहून वेगळा आहे. येथे जमिनीवरील नावाइतकीच जमीनही अस्थिर आहे. पावसाळ्यातील उधाणाने किनारा धुपतो, माड उन्मळून पडतात आणि संरक्षक बंधाऱ्याची मागणी दरवर्षी नव्याने होते. समुद्र एका बाजूने खातो, खाडी दुसऱ्या बाजूने. कर्लीच्या मुखाशी वाळूचे बेट तयार होते, पर्यटकांसाठी त्याला 'त्सुनामी आयलंड' असे नावही पडते. वाळू एका ठिकाणाहून जाते आणि दुसरीकडे साचते.

सातबाऱ्याला हा बदल आपोआप कळत नाही. लाटांनी पाच गुंठे नेले तरी उताऱ्यावर जुनेच क्षेत्र छापून येते. ते कमी करायचे तर भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी व्हावी लागते, कमी-जास्त पत्रक तयार व्हावे लागते आणि मग तलाठ्याच्या दप्तरात अंमल द्यावा लागतो. पाण्याने कापून नेलेल्या जमिनीचा आकार कमी करून मागण्याचा हक्क महसूल अधिनियमात आहे. नव्याने तयार होणाऱ्या मळईच्या जमिनीबाबतही तरतुदी आहेत. परंतु आकार काही रुपयांचा, म्हणून तो कमी करून घेण्यासाठी कोणी अर्ज करत नाही. शिवाय क्षेत्र कमी करून घेणे म्हणजे आपल्याच हाताने वाडवडिलांची जमीन सोडून देणे, अशी भावना असते. उद्या समुद्र मागे हटला तर, ही आशाही असते.

कायद्याची दुसरी बाजू कठोर आहे. भरतीरेषेखालील समुद्राचा व खाडीचा तळ ही शासनाची मालमत्ता मानली जाते. म्हणजे ज्या जमिनीवर आज लाटा खेळतात तेथे कागदावर खातेदाराचे नाव आणि प्रत्यक्षात शासनाचा दावा, अशी दुहेरी अवस्था उद्भवू शकते. त्यात सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांची भर पडते. बांधकामाची मुभा भरतीरेषेपासूनच्या अंतरावर ठरते. ती रेषा जमिनीकडे सरकली की घराचे आणि घरगुती निवासाच्या दोन खोल्यांचे गणित बदलते. तारकर्ली-देवबागमध्ये मासेमारीच्या जोडीला पर्यटनावर संसार उभे राहिले आहेत. त्या दृष्टीने हे अंतर म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी किनारा व नदीकाठ यांची धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची शिफारस देशपातळीवर केली. समुद्राने जमीन नेणे ही आपत्ती आहे, हे त्यातून मान्य झाले. पण अशा कोणत्याही योजनेत विस्थापित कोण आणि त्याची जमीन किती गेली, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मोजणी आणि गावच्या दप्तरातूनच द्यावे लागते. धूप झाली त्या वर्षी अर्ज, पंचनामा वा मोजणी यांपैकी काहीच झालेले नसेल, तर दहा वर्षांनी ते उत्तर देणे कठीण होऊन बसते.

पंचनाम्याचा दिवस

२००९ च्या नोव्हेंबरातील फयान, २०१९ च्या ऑक्टोबरातील क्यार आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला तडाखा दिला. अशा वेळी नुकसानीचा कागद गावात तयार होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक घरोघर फिरून पंचनामे करतात. घर पूर्ण पडले की अंशतः, झाडे किती मोडली, याची नोंद पंचांच्या सहीने होते. मदतीची रक्कम शासनाच्या ठरलेल्या निकषांनुसार याच कागदावरून निघते. होड्या आणि जाळ्यांच्या नुकसानीचा हिशेब मत्स्यव्यवसाय खात्याकडे जातो.

येथेही जुन्या नोंदींची अडचण आडवी येते. माड मोडले, पण उताऱ्यावर नारळ बागायतीची नोंद नसेल तर प्रश्न निर्माण होतो. नोंद असेल आणि नावे पंधरा असतील तर रक्कम कोणाच्या खात्यात जमा करावी, हा दुसरा प्रश्न. सहहिस्सेदारांचे संमतीपत्र आणा, असे उत्तर मिळते आणि चिखलात उभ्या असलेल्या माणसाला बोरिवलीच्या चुलत्याला फोन लावावा लागतो.

एका खांद्यावर किती ओझे?

जमिनीच्या नोंदी हे तलाठ्याचे मुख्य काम असले तरी यादी तेथे थांबत नाही. जमीन महसुलाची वसुली आणि १ ऑगस्ट ते ३१ जुलै या महसुली वर्षाचा हिशेब, पिकांची पैसेवारी, उत्पन्न व रहिवासाच्या दाखल्यांसाठी अहवाल, निराधार योजनांची चौकशी, मतदारयाद्या, जनगणना आणि कृषिगणनेची कामे त्याच्याकडे येतात. गौण खनिजांवर लक्ष ठेवणे हेही त्याचेच काम. कर्ली खाडीतील वाळूउपसा हा मालवण आणि कुडाळ तालुक्यांतील जुना वादविषय आहे. रात्री वाळूचे डंपर अडवायला गेलेल्या तलाठ्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या राज्याच्या अनेक भागांतून येत असतात.

माणसे मात्र अपुरी. एकाच तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा भार असणे नित्याचे होते. यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये राज्यात ३,१६५ नवे सजे आणि ५२८ नवी महसूल मंडळे निर्माण करण्याचा निर्णय झाला. २०२३ च्या भरतीत साडेचार हजारांहून अधिक पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. या संख्येत ग्रामीण बेकारीचे चित्र जसे आहे, तसे या पदाला गावात असलेल्या मानाचेही आहे.

या मानाला डागही आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वर्षानुवर्षे आघाडीवर राहिली आहेत. नोंद धरण्यासाठी, उतारा देण्यासाठी, अहवाल पाठवण्यासाठी चिरीमिरी मागितल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. कागद समजत नसलेला खातेदार आणि कागदावर एकहाती ताबा असलेला कर्मचारी यांच्यात असे संबंध तयार होण्यास वाव राहतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवांना मुदती घालून दिल्या आणि विलंब झाल्यास अपिलाची सोय केली. तिचा वापर करणारे नागरिक अजून कमी आहेत.

दप्तर संगणकावर आले

गेल्या दोन दशकांत दप्तराचे स्वरूप बदलले. हाताने लिहिलेल्या उताऱ्यांची जागा संगणकीय उताऱ्यांनी घेतली. ऑनलाइन माहितीतील चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव 'चावडीवाचन' झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरून तो घरबसल्या काढता येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करण्याची सोय झाली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेण्यात आली.

उतारा मिळवण्यासाठी तलाठ्याच्या कार्यालयात खेटे घालण्याची गरज त्यामुळे राहिली नाही. तरीही वारसांची चौकशी, जागेची पाहणी, पंचनामा ही कामे संगणक करत नाही. शिवाय चुकीची नोंद संगणकावर गेली की ती तितक्याच सुबकपणे छापून येते. मूळ कागद तपासण्याला पर्याय नाही.

चाकरमान्यांनी काय करावे?

गावी जमीन असलेल्या शहरवासीयांनी काही गोष्टी नेमाने कराव्यात. वर्षातून एकदा सातबारा आणि ८-अ काढून पाहावा. आपल्या सर्व्हे नंबरवर नवा फेरफार धरला गेला आहे का, ते 'आपली चावडी' या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. हरकतीची मुदत पंधराच दिवसांची असल्याने ही पाहणी उपयोगी ठरते. घरातील व्यक्ती निवर्तल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. 'ई-हक्क' प्रणालीवरून हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. आपला सध्याचा पत्ता तलाठी कार्यालयात लेखी द्यावा, म्हणजे नोटीस गावच्या बंद घराच्या दारावर अडकून राहणार नाही. बागायतीची, विहिरीची आणि घराची नोंद उताऱ्यावर आहे का, हे तपासावे.

किनाऱ्यावरील खातेदारांनी याखेरीज जमिनीच्या हद्दीची मोजणी करून नकाशाची प्रत घरात ठेवावी. उधाणाने जमीन गेली तर त्याच हंगामात तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पाहणी व पंचनाम्याची मागणी करावी आणि त्याची प्रत घ्यावी. मोजणीचा नकाशा आणि दिनांकासह झालेला पंचनामा हाती असेल, तर भरपाईच्या वा पुनर्वसनाच्या वेळी आपली जमीन कोठपर्यंत होती हे खातेदाराला दाखवता येईल.